विमानप्रवासाला किती वेळ लागेल हे काढताना

पहिल्यांदाच लांबचा प्रवास आखताय, म्हणून आधी एक सांगतो: नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर वाकडा दिसतो. लंडनहून न्यूयॉर्कला जाणारं विमान आधी उत्तरेकडे झुकतं, ते उगाच वळसा घेत नाही, तोच जवळचा रस्ता आहे.

किती तास लागतील याचा अंदाज हवा असेल तर किलोमीटरमधल्या हवाई अंतराला ८५० ने भागा आणि वर अर्धा तास धरा. चढताना-उतरताना वेग कमी असतो, त्याची ही भर. लंडन–न्यूयॉर्क साधारण ५,५५० किलोमीटर, म्हणजे सात तास. पण प्रत्यक्षात जाताना आठ लागतात आणि परतताना सात! वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. तेव्हा जायचा वेळ बघून यायचा ठरवू नका.

आणि तिकिटावरच्या वेळा नीट वाचा, मी कळकळीने सांगतोय. निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची, पोहोचण्याची तिथली. सकाळी दहाला निघून दुपारी एकला पोहोचलात, म्हणून प्रवास तीन तासांचा होत नाही. दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक धरा. वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ असेल तर पोहोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. हॉटेलचं बुकिंग त्याच तारखेचं करा.

छापील वेळेत धावपट्टीकडे जाणं-येणंही धरलेलं असतं. सामान आणि इमिग्रेशन मात्र नाही, त्यासाठी वेगळा वेळ ठेवा.