आधी नुसतं चालव

बेटा,

समाजमंदिरात बायामाणसं, पोरंटोरं सगळ्यांना एकत्र फेर शिकवणार म्हणालीस, इतकं बरं वाटलं मला. एकच सांगते, पहिली दहा मिनिटं काही शिकवूच नकोस, नुसतं चालव. गोल करायचा, मोबाईलवर पावरीची, म्हणजे आपल्या खान्देशातल्या आदिवासींच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, धून लावायची आणि तालात चालायचं, बस. भिंतीला टेकून "माले जमाव नही" म्हणणाऱ्या काकूंनाही चालता येतंच ना, चार फेऱ्या झाल्या की पाय आपोआप ठेका धरतो, मग सांग दोन पावलं पुढे एक मागे.

हात धरायचा प्रश्न येणारच. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खान्देशातली देवी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जनाला बाया-पुरुष भर रस्त्यात फुगड्या खेळतात, तेव्हा कोणाला काही वाटत नाही, पण हॉलमध्ये अनोळखी माणसाचा हात धरायचा म्हटलं की लोक अवघडतात. म्हणून मी टिपऱ्यांपासून सुरू करते, भुलाबाईच्या सणातल्या गाण्या-खेळांमुळे आपल्याकडच्या बायांना त्या लहानपणापासून सवयीच्या आहेत. दोन गोल कर, आतला आणि बाहेरचा, तोंडं समोरासमोर, केरवा तालाच्या आठ मात्रा झाल्या की बाहेरच्यांनी एक माणूस उजवीकडे सरकायचं, एका गाण्यात आतले सगळे बाहेरच्या सगळ्यांना भेटून होतात. "जोडीदार निवडा" असं कधीच म्हणू नकोस गं, कोणीतरी उरतंच आणि ते उरलेलं माणूस पुढच्या वेळी येत नाही. आकडा विषम झाला तर तू स्वतः उभी राहा.

फुगडी नंतर घे, वजन-उंची बघून जोड्या तूच लाव. तळवे घामाने सुटतात म्हणून मनगटं धरायला सांग, पाय जवळ, हात ताणलेले, अंग मागे. मोजे काढायलाच लाव आणि फरशीवर पाणी सांडलेलं असेल तर आधी पुस.

आणि एक, चुकणाऱ्याला सगळ्यांसमोर थांबवू नकोस. मी एकदा गाणं बंद करून एका आजींना पाय कसा टाकायचा ते दाखवलं होतं, त्या हसल्या, पदर सावरला, खुर्चीवर जाऊन बसल्या, परत कधी आल्याच नाहीत. अजून टोचतं मला ते. आता मी अख्ख्या गोलाला सांगते, आणि चुकणाऱ्याच्या शेजारी पक्क्या पायाचं माणूस सरकवते, बघून बघून जमतं.

टिपऱ्या माझ्याकडे आहेत वीस जोड, शनिवारी घेऊन जा. काहींची टोकं फुटलीत, तेवढी पॉलिश पेपरने घासून घे.

तुझी काकू