जादा लाइटचं नंतर बघू, आधी ‘एकतर्फी’ आदेश हटवा

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरीभाऊंचं पत्र आहे. रात्रीच्या लाइनवर हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात जाताना रोही (नीलगायी) आडवे येतात, म्हणून त्यांनी मोटरसायकलच्या क्रॅशगार्डवर दोन एलईडी लाइट बसवले. डिसेंबरात समोरून येणारा दुचाकीस्वार रस्त्याखाली उतरून पडला, पाय मोडला. डोळे दिपले, असं तो म्हणतो. आता यवतमाळला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा दावा सुरू आहे. “जादा लाइटमुळे विमा कंपनी हात वर करेल का?” असं त्यांनी विचारलंय. दर हिवाळ्यात मला असं विचारणारे भेटतात.

भाऊ, कंपनीला जबाबदारी टाळण्याची कारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये मोजकीच दिली आहेत. जादा लाइट त्यात नाही. माहिती लपवल्याचा मुद्दा कंपनी काढू शकते. तो टिकेल की नाही, हे पॉलिसी पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

मला घोर लागला तो तुमच्या शेवटच्या ओळीचा. समन्स घरी आलं, “कंपनी पाहून घेईल” म्हणून कपाटात ठेवलं, दोन तारखा गेल्या. तुम्ही पाठवलेल्या रोजनाम्याच्या (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) फोटोत ‘गैरअर्जदार क्र. 1 विरुद्ध एकतर्फी’ असं स्पष्ट आहे. गैरअर्जदार क्र. 1 म्हणजे तुम्ही; एकतर्फी म्हणजे तुमचं म्हणणं न ऐकताच दावा पुढे चालणार. हे काय केलंत? कंपनीचा वकील कंपनीसाठी उभा राहतो, तुमच्यासाठी नाही. तुमचं लायसन्स कोर्टात आलंच नाही, तर कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मग तुमच्याकडून वसूल करावेत, असा आदेश होऊ शकतो. त्यात वावर जातं.

अजून निकाल लागलेला नाही, एवढाच आधार आहे. याच आठवड्यात वकीलपत्र द्या आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 7 खाली एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अर्ज टाका. सोबत शपथपत्र, लेखी जबाब, आरसी, लायसन्स, अपघाताच्या दिवशी चालू असलेली पॉलिसी जोडा. गैरहजेरीचं कारण खरं तेच लिहा. निकाल लागला, तर तो रद्द करून घ्यायला 30 दिवस मिळतात. समन्स तुमच्या हाती पडलेलं असल्याने ते निकालाच्या तारखेपासून मोजतील.

लाइटचा खरा वाद निष्काळजीपणाचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 106 प्रमाणे, 8 मीटरवर उभ्या माणसाचे डोळे 1.5 मीटर उंचीवर धरले, तर झोताने ते दिपता कामा नयेत. समोर स्पॉटलाइट लावायला नियम 111 खाली आधी परवानगी लागते, ती तुम्ही घेतली नव्हती. तरीही तो लाइटमुळेच पडला, हे दावा करणाऱ्यालाच दाखवावं लागेल. पंचनाम्यात लाइट चालू होते का, झोत कुठे होता, हे लिहिलंय का पाहा. पोलिसांतल्या गुन्ह्याबद्दल एफआयआर वाचल्यावरच बोलू.

अपघातानंतर तुम्ही लाइट काढून गोठ्यात टाकले, असंही लिहिलंय. ते भंगारवाल्याला देऊ नका. क्लॅम्प आणि वायरिंगसकट पिशवीत बांधून ठेवा आणि वकिलाला दाखवा.