साथरोगांवर संशोधन करायचं तर लॅबमध्ये वर्षं घालवायची गरज आहे का?

तुम्ही विचारलंय की मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी झाली आहे, पुढे साथरोगांवर संशोधन करायचं आहे, तर लॅबमध्ये राबावं की सरळ संख्याशास्त्र आणि कोडिंग शिकावं, कारण "नमुने तपासायला टेक्निशियन असतातच". हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, म्हणून लिहिते आहे.

आधी लॅब. किमान दोन वर्षं, तीही स्वतःच्या हातांनी.

कॉलराच घ्या. लाइन लिस्टमध्ये, म्हणजे साथीतल्या रुग्णांच्या यादीत, एका रुग्णापुढे "निगेटिव्ह" लिहिलेलं असतं. तो शब्द तिथवर कसा पोचला? स्वॅब अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घेतला की नंतर? कॅरी-ब्लेअरच्या (नमुना लॅबपर्यंत टिकवणारं माध्यम) नळीत तळापर्यंत खुपसला की वरच टेकवून झाकण लावलं? कॅरी-ब्लेअर संपलं म्हणून कोणी बफर्ड ग्लिसरॉल सलाइन वापरलं असेल, तर त्यात व्हिब्रिओ, म्हणजे कॉलराचा जिवाणू, तग धरत नाही. आणि नमुना म्हटला की फ्रीज, ही सवय इथे नडते. कॅरी-ब्लेअरमधला कॉलराचा स्वॅब खोलीच्या तापमानालाच ठेवायचा असतो.

लॅबमध्ये आल्यावर स्वॅब व्हिब्रिओ वाढवणाऱ्या अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये जातो, पीएच ८.४ ते ८.६. इन्क्युबेटरमध्ये ६ ते ८ तास, मग टीसीबीएसवर (व्हिब्रिओसाठीचं निवडक अगार) रेघाटणी. लूप (तारेचं कडं) द्रवाच्या वरच्या थरातच बुडवायचा, कारण व्हिब्रिओ हवेकडे, पृष्ठभागाला जमतात. नळी हलवून तळातून घेतलं की भलतंच उगवतं. संध्याकाळी लावलेली नळी सकाळपर्यंत तशीच राहिली, तर तोवर इतर जिवाणूंनी व्हिब्रिओला मागे टाकलेलं असतं. अशा वेळी त्यातून पुन्हा ताज्या पेप्टोन वॉटरमध्ये टाकून ६ ते ८ तास द्यावे लागतात. टीसीबीएस नुसतं उकळायचं, ऑटोक्लेव्ह करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या, चपट्या, चकचकीत, २ ते ४ मिलिमीटरच्या कॉलनी दिसतात आणि नवखा माणूस थेट त्यांच्यावरच ऑक्सिडेज करतो. टीसीबीएसमधल्या सुक्रोजपासून बनलेल्या आम्लामुळे ती चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आधी साध्या न्यूट्रिएंट अगारवर उतरवा, मग ऑक्सिडेज आणि अँटिसीरम (जिवाणूचा गट ओळखणारं सीरम). स्ट्रिंग टेस्ट मात्र प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी. स्लाइडवर ०.५ टक्के सोडियम डिऑक्सिकोलेटच्या थेंबात कॉलनी मिसळली की मिनिटाच्या आत गढूळपणा जातो, थेंब चिकट होतो आणि लूप उचलला की पाकाच्या तारेसारखा धागा वर येतो.

आता आकडेवारीवाल्यांशी माझा जुना वाद. ते म्हणतात, थोडे नमुने हुकले तर बिघडलं कुठे, नमुनासंख्या वाढवू. हिशोब करून बघा. समजा १०० खऱ्या रुग्णांपैकी ६० जणांनी एका विहिरीचं पाणी प्यायलं होतं आणि १०० कंट्रोलपैकी (तुलनेसाठी घेतलेले, आजार नसलेले) २० जणांनी. ऑड्स रेशो, म्हणजे दोन्हीकडच्या 'प्यायलेले : न प्यायलेले' या प्रमाणांचं गुणोत्तर, ६. लॅबने १०० पैकी ६०च रुग्ण पकडले आणि सुटलेले ४० "निगेटिव्ह" म्हणून कंट्रोलमध्ये जमा झाले, तर तोच रेशो साधारण ३.३ वर येतो. नमुनासंख्या दहापट करा, उत्तर ३.३च येईल, फक्त कॉन्फिडन्स इंटरव्हल (अंदाजाची खालची-वरची मर्यादा) अरुंद होईल. म्हणजे चुकीच्या आकड्यावर जास्त भरवसा. कोडमध्ये ही चूक दिसत नाही. ती नळीपाशी झालेली असते.

१९९२ साली मद्रास, मग कोलकाता आणि बांगलादेशात नेमका कॉलरासारखाच जुलाब होता, पण मिळालेला जिवाणू ओ१ (कॉलराच्या जिवाणूचा साथ आणणारा गट) अँटिसीरमला दाद देत नव्हता. तोवर साथी ओ१च्याच, म्हणून "नॉन-ओ१" लिहून प्लेट फेकून देणं सोपं होतं. प्लेट जपून ठेवणाऱ्या हातांमुळे कळलं की तेव्हा माहीत असलेल्या १३८ गटांत हा बसत नाही. तोच ओ१३९.

संख्याशास्त्र शिकूच नका असं नाही. लॉजिस्टिक रिग्रेशन, सॅम्पलिंग, आर (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) हे सगळं लागणारच, आणि ते संध्याकाळी बसून शिकता येतं. निव्वळ गणिती मॉडेलिंगच करायचं असेल तर दोन वर्षांऐवजी सहा महिने लॅब पुरेल, पण शून्य नको. फेलोशिप निवडताना एकच विचारा: साथ आली की तुम्हाला नमुने घ्यायला पाठवतात, की फक्त एक्सेल फाइल हातात देतात?

आणि हो, वरची फ्रीजची गोष्ट फक्त व्हिब्रिओची. शिगेलाला (रक्ती आव करणारा जिवाणू) थंडावाच लागतो. नक्की काय आहे हे माहीत नसेल, तर एकाच रुग्णाचे दोन स्वॅब घ्या, एक नळी बाहेर, एक फ्रीजमध्ये, आणि दोन्हींवर वेळ लिहा.