वाईट कमेंटच तेवढी पाठ झाली होती

"लेख टाकला की खाली कोणीतरी घाण लिहून जातं. दोन-दोन दिवस डोक्यातून जात नाही. लिहिणंच बंद करावंसं वाटतं." समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकाने हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. त्यात कॉलेजातली मुलं आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत, रेसिपी लिहिणाऱ्या गृहिणी आहेत. घरच्यांनी सगळ्यांना एकच सल्ला दिलेला असतो, दुर्लक्ष कर. ठरवून दुर्लक्ष करता येत असतं तर माझ्याकडे कोणी आलंच नसतं.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिक्षिका, एका मराठी पोर्टलवर अधूनमधून लिहितात. सासऱ्यांना डिमेन्शिया झाला. ते रात्री कडी काढून बाहेर पडायचे, एकदा गॅस चालू ठेवून झोपले. दोघं नवरा-बायको नोकरीला, दिवसभरासाठी ठेवलेली बाई टिकेना. शेवटी सासऱ्यांना देखभाल केंद्रात ठेवलं आणि त्या निर्णयावर ताईंनी लेख लिहिला. लेख प्रामाणिक आहे, मी वाचलाय. पण विषय असा की आपल्याकडे कुठल्याही घरात जेवताना काढून बघा, ताटं तशीच राहतील.

कमेंट्सचा पाऊस पडला. ताई पहिल्यांदा आल्या त्या सगळ्याची प्रिंट काढून, स्टेपल मारून, शिक्षिकेच्या सवयीने लाल पेनाने ओळी अधोरेखित करून. मी विचारलं, कौतुक कोणी काय केलंय? "आहे ना, खूप जणांनी केलंय," म्हणून त्यांनी पानं उलटली. एकही वाक्य आठवेना. "असली सून वैऱ्यालाही मिळू नये" हे मात्र तोंडपाठ, लिहिणाऱ्याच्या नावासकट आणि वेळेसकट. रात्री ११.५२.

त्या काही जास्त हळव्या आहेत असं नाही. वाईट अनुभव चांगल्यापेक्षा जड पडतो, हे मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र तपासून मांडलं होतं. आणि समोर चेहरा नसला, आपलंही नाव झाकलेलं असलं की माणसाचा लगाम कसा सुटतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये लिहून ठेवलंय. ताईंना हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि लगेच म्हणाल्या, "पण ती कमेंट माझ्या नणंदेचीच आहे. 'वैऱ्यालाही' हा तिचाच शब्द." प्रोफाइलला फोटो नव्हता. त्या नावाच्या जुन्या कमेंट्स धुंडाळत ताई रात्र रात्र जागत होत्या. नवरा वैतागून म्हणायचा, "तू लिहिलंसच कशाला?"

मी घरचा अभ्यास दिला. चांगली-वाईट अशी वाटणी करू नका, एवढंच बघा की कमेंट लेखाबद्दल आहे की तुमच्याबद्दल. पुढच्या वेळी त्या आल्या तर लाल रेघांमधल्या बहुतेक ओळी त्यांच्या संस्कारांबद्दल आणि पगाराबद्दल निघाल्या होत्या. एक मात्र वेगळी होती: "आधी कायदा वाचा, मग लेख पाडा. सून यात येतच नाही." त्या गृहस्थांना ताईंनी ब्लॉक केलं होतं.

गृहस्थ उर्मट होते आणि बरोबर होते. ताईंनी लिहिलं होतं की ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या २००७ च्या कायद्याने सुनेवरही जबाबदारी येते. त्या कायद्यातल्या 'अपत्या'च्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. लेखाला खरा उपयोग झाला तो या एका तिरसट ओळीचा. "ताई, डोळ्यांत पाणी आणलंत" वाचून बरं वाटतं, पण त्यातून लेखातली एकही ओळ सुधारत नाही. ताईंनी त्याच रात्री लेखाखाली दुरुस्ती टाकली, आभार मानले, ब्लॉक काढला. "रागाने लिहिलेलं खोटंच असणार असं मी धरून चालले होते," त्या म्हणाल्या.

मग उरलेल्या कमेंट्स मी मोठ्याने वाचायला लावल्या. "पैशासाठी सासरा विकला" यावर त्या चक्क हसल्या, कारण पोर्टल एक पैसा देत नाही. शिव्याही वाचून झाल्या. अडखळल्या त्या एका अगदी सभ्य वाक्यापाशी. शिवी नाही, शेवटी हात जोडलेलं चिन्ह. "तुमची स्वतःची आई असती तर?"

ताईंची आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती आणि ताईंच्याच घरी होती.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे कामी येते. १९५० च्या दशकापासून ते सांगत आले की घटना थेट दुःख देत नाही, घटनेला आपण जो अर्थ लावतो तो देतो. कमेंटमध्येच विष असतं तर सगळ्या कमेंट्स सारख्याच लागल्या असत्या. पैशाची लागली नाही, कारण त्याबाबत ताईंच्या मनात शंकाच नव्हती. आईची लागली, कारण हा प्रश्न त्या स्वतःला आधीपासून विचारत होत्या. अनोळखी माणसाने तो फक्त चारचौघांत विचारला.

म्हणून पुढच्या भेटींत कमेंट्स बाजूला राहिल्या. आई अंथरुणावर होती पण शुद्धीत होती, सासरे चालते-फिरते होते आणि हरवत होते. दोघांची सेवा एका मापाने मोजता येत नाही. त्याचबरोबर सासऱ्यांच्या बाबतीत आपला धीर लवकर संपायचा, हेही ताईंनी कबूल केलं. मी ते खोडलं नाही. त्यांना दिलासा देण्यापेक्षा ते ऐकून घेणं गरजेचं होतं. हे त्या नवऱ्याशी बोलल्या, तेव्हा "लिहिलंसच कशाला" यामागे त्याचीही टोचणी होती हे बाहेर आलं. वडील त्याचे होते.

व्यवहाराचे नियम आम्ही थोडकेच ठरवले. रात्री जेवणानंतर कमेंट्स उघडायच्या नाहीत. मुद्द्याच्या प्रश्नाला एकदाच उत्तर, वादाची दुसरी फेरी नाही. शिवीगाळ असेल तर पोर्टलला कळवायचं.

धमकीचं मात्र वेगळं. मारहाणीची, घरापर्यंत येण्याची भाषा असेल तर तिथे दुर्लक्ष करूच नये. उत्तर देऊ नका, डिलीट करू नका. तारीख आणि प्रोफाइल दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार द्या. फौजदारी धमकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ आहे. ताईंवर ही वेळ आली नाही.

त्यांचा पुढचा लेख केंद्रातल्या आयाबायांवर होता. त्यावरही एकाने "आता जाहिरात सुरू" असं लिहिलं. ताईंनी ते मला भेटीत आपणहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर सांगितलं. नणंदेचं कोडं तेवढं तसंच आहे. "तीच असेल का हो?" असं त्या अजून विचारतात. मी म्हणते, मला विचारून काय उपयोग, तिला विचारा. दिवाळीला विचारणार होत्या. आता म्हणतात, मे महिन्यात लग्न आहे, तेव्हा बघू.