३० पैकी १७ गुण म्हणजे स्मृतिभ्रंश?

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे, शाळेत कधीच गेली नाही. आरोग्य शिबिरात स्मरणशक्तीच्या चाचणीत तिला ३० पैकी १७ गुण मिळाले आणि ‘डिमेन्शिया’ (स्मृतिभ्रंश) असं लिहून दिलं. पण घर, बाजारहाट, पैशांचा हिशेब ती चोख सांभाळते. हे निदान मानायचं का?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : केवळ या गुणांवरून मुळीच मानू नका. ३० गुणांची ही चाचणी बहुधा एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) असावी. तिच्यात १०० मधून ७-७ वजा करत जाण्याला ५ गुण असतात. वाचून कृती करणं, वाक्य लिहिणं आणि पंचकोनांची आकृती उतरवणं यांना प्रत्येकी १. म्हणजे पाटी-पेन्सिल हाती न धरलेल्या व्यक्तीचे ८ गुण इथेच जाऊ शकतात. बाकी सगळं बरोबर आलं तरी होतात २२, आणि नेहमीची सीमारेषा २४ ची! शिवाय इंग्रजी तारीख, साल, इमारतीचा मजला असे प्रश्न. तिथी आणि बाजाराचा वार अचूक सांगणारी बाईसुद्धा तिथे अडते. न शिकलेल्यांसाठी हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या अभ्यासात एचएमएसई (हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही वेगळी चाचणी तयार झाली. तिच्यात वजाबाकीऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात.

खरा प्रश्न असा : दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आज काय बदललंय? तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, भाजीत दोनदा मीठ पडणं, सुट्टे पैसे मोजताना गोंधळणं यांपैकी काही दिसतं का, ते घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहून काढा. कानातला मळ आणि मोतीबिंदू तपासून घ्या. चाचणीत लक्षात ठेवायचे तीन शब्द नीट ऐकूच आले नाहीत, तर ते आठवणार कसे?

बदल दिसत असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि सोडियम तपासा. पडल्याचा इतिहास असेल तर सीटी स्कॅनबद्दलही डॉक्टरांना विचारा. चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या, कारण झोपेच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्यावरच्या अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांनीही विसर पडतो. दोन-चार दिवसांत अचानक भ्रम झाला, तर आधी लघवीच्या संसर्गासारखी कारणं शोधावी लागतात, आणि तीही त्याच दिवशी.

प्रश्न : मग खेड्यात आणि बायकांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसतं, ते फक्त चाचणीमुळेच?

उत्तर : नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लासी-डॅड या राष्ट्रीय अभ्यासात एचएमएसई वापरली होती, घरच्यांना विचारलं होतं आणि तज्ज्ञांनी त्यातल्या अनेकांची माहिती तपासून निदान ठरवलं होतं. तरीही साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. स्त्रिया ९, पुरुष ५.८; खेडी ८.४, शहरं ५.३ टक्के. त्या पिढीच्या मुलींना शाळेत पाठवलंच नाही, त्याची किंमत त्या म्हातारपणी मोजत आहेत. कमी शिक्षण, उपचाराविना राहिलेला रक्तदाब, ऐकू कमी येणं, हवेचं प्रदूषण हे सारे टाळता येण्याजोगे धोके आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात असे १४ धोके आहेत आणि जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं त्यांच्याशी जोडलेली आहेत. सत्तरीत शाळा परत मिळत नाही. रक्तदाबाची गोळी आणि श्रवणयंत्र मिळू शकतं. ते आईंपासूनच सुरू करा. मार्गदर्शनासाठी मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डर लाइन १४५६७ या मोफत सेवा आहेत.