वर्षाला किती?

प्रिय पोरा,

म्युच्युअल फंडाबद्दलचा तुझा मेसेज वाचला. एनएव्ही म्हणजे काय, लार्ज कॅप म्हणजे काय, एसआयपी कोणती घेऊ, सगळं विचारलंस. आणि शेवटी सहज लिहून टाकलंस की पेरणीला सावकाराकडून घेतलेले ५० हजार आहेत, ते देऊ हळूहळू. मी तिथंच अडकलो. कापसाच्या चुकाऱ्याचे ६० हजार हातात आहेत आणि तुला त्यातून फंडाचा हप्ता सुरू करायचा आहे. शेकडा किती, ते लिहिलंच नाहीस. शेवटी तुझ्या आईला फोन करून विचारलं. शेकडा तीन.

शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला ३६. थकलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळलं की ४२ च्या वर. यालाच चक्रवाढ म्हणतात. व्हिडिओत ती माणसाला श्रीमंत करताना दाखवतात, तुझ्या घरात ती सावकारासाठी राबते आहे. दरवर्षी खात्रीने ३६ टक्के देणारा फंड कुठे आहे, सांग मला! ते ५० हजार फेडणं हीच तुझी पहिली गुंतवणूक.

पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीचा सचिव म्हणून माझी हयात व्याज मांडण्यात गेली. तुझ्याकडून एकच हवं आहे. पैशाचं कुणी काहीही सांगो, विचार: वर्षाला किती?

कृषी केंद्रवाला म्हणतो, रोख हजार, दिवाळीला दिले तर अकराशे. शंभराचाच फरक ना, असं तुला वाटतं. जूनपासून दिवाळीपर्यंत पाच महिने धर; पाच महिन्यांना १० टक्के, म्हणजे वर्षाला २४. विमा एजंट म्हणतो, वर्षाला २५ हजार भर, वीस वर्षांनी साडेआठ लाख. आकडा मोठा दिसतो. हिशोब मांड, वर्षाला ५ टक्केसुद्धा पडत नाहीत. पीपीएफ म्हणजे सरकारचं लांब मुदतीचं बचत खातं, त्याचा दर २०२० च्या एप्रिलमध्ये ७.१ टक्के ठरला, तोही सरकारी हमीचा. विमा हवाच, पण नुसता विमा घे, माणूस गेला तरच पैसे देणारा, टर्म म्हणतात तो. पाच वर्षांत दुप्पट म्हणणाऱ्यालाही हेच विचार. ७२ ला वर्षांनी भाग, साधारण दर निघतो: साडेचौदा. बँक त्याच्या निम्म्यात देते, मग हा कुठून देणार? आणि दर निघाला की दुसरा प्रश्न, बुडालं तर कोण देणार? बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेला तो लागू नाही. आपल्याच भागात दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून लोकांनी मुलींच्या लग्नाचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले. दारावर कुलूप लागल्यावर ते माझ्याकडे आले. तेव्हा मी काय करणार होतो?

फंडाचं उत्तर मात्र सरळ आहे. वर्षाला किती, ते कुणालाच ठाऊक नाही. लार्ज कॅप म्हणजे मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारा फंड, आणि शेअर बाजार वरखाली होतो. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांवर गेलेला बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, ऑक्टोबरात ९ हजारांच्या खाली होता. पुढे वर आला, पण ज्यांना मधेच पैसा लागला त्यांनी पडत्या भावात विकलं. जोखीम म्हणतात ती ही. सात-आठ वर्षं लागणार नाही तेवढाच पैसा तिथं घाल. एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव. १० रुपयांचा फंड स्वस्त आणि ५०० चा महाग, असं काही नसतं. एसआयपी ही कोणती योजना नव्हे, ठरलेल्या तारखेला भरायचा हप्ता आहे. तो पगारदाराला सोयीचा. आपला पैसा दिवाळीनंतर येतो आणि जूनमध्ये जातो, तुला दर महिन्याच्या पाच तारखेचं बंधन कशाला? चुकारा आला की एकदम भर. पण आधी बियाण्या-खताचा पैसा मे महिन्यात मुदत संपेल अशा एफडीत टाक, म्हणजे जूनमध्ये पुन्हा त्याच दारात उभं राहायला नको.

गावात म्हणतात, सचिव चिकट होता, कुणाला मोठं होऊ दिलं नाही. म्हणोत. कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी बाहेरचं किती आणि कोणत्या दराने, हे विचारत होतो. माणसं चिडायची. माझा धाकटा भाऊ मला नेहमी रक्कम सांगायचा, दर कधीच नाही. रस्त्याला लागून असलेलं दोन एकर वावर विकलं तेव्हा दर कळला. आजही त्या वावराकडे माझ्याने बघवत नाही. म्हणून तुझ्या आईला फोन केला, आणि तुला राग आला असेल तर येऊ दे.

पीककर्ज ३१ मार्चच्या आत भर. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं की व्याज शून्यावर येतं. वर्षाला शून्य! हा पैसा सोडून ३६ चा घेणं मला समजत नाही, आणि तू शिकलेला आहेस.

उद्याच सावकाराकडे जा. एकटा जाऊ नकोस, मामाला सोबत ने. मुद्दल आणि आजपर्यंतचं व्याज कागदावर मांडून घे. ६० हजारांत सगळं बसलं नाही तर आधी मुद्दल कमी कर, ते लिहून घे, आणि उरलेलं तूर विकली की दे. सगळं फिटलं की पावती घे, आणि तुझ्या बाबांनी सही करून दिलेला कोरा चेक व स्टॅम्प पेपर हातात आल्याशिवाय उठू नकोस.

तुझा,
सचिव काका