चौकोन पडतात ते कॅमेऱ्यामुळे नव्हे

क्रिकेटची मॅच इंटरनेटवर लाइव्ह दाखवताना चित्र फुटतं म्हणून नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नकोस. बॉलर धावत सुटला की चित्राचे चौकोन पडतात, कारण बिटरेट (दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा) अपुरा पडतो. गवत, प्रेक्षक, कॅमेऱ्याचं फिरणं, सगळं डेटा खातं. मैदानावरच अपलोड स्पीड मोज, तीही गर्दी जमल्यावर; सकाळी रिकाम्या मैदानातला आकडा फसवतो (मी फसलोय). बिटरेट त्या स्पीडच्या ७० टक्क्यांपर्यंतच ठेव. ६ एमबीपीएस मिळत असेल तर १०८०पीचा हट्ट सोड. ओबीएसमध्ये (लाइव्ह दाखवायचं सॉफ्टवेअर) ७२०पी, सेकंदाला ३० फ्रेम, सीबीआर (एकसारखा राहणारा बिटरेट) ४००० केबीपीएस म्हणजे ४ एमबीपीएस, आणि कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवणारी फ्रेम) दर २ सेकंदांनी ठेव. संध्याकाळी उजेड उतरला की गेन (चित्र उजळ करणारी कॅमेऱ्याची सेटिंग) फार चढवू नकोस. त्याने चित्रात येणारे दाणेही बिटरेट खातात. वायफायऐवजी केबल मिळाली तर उत्तमच.